खालचं बोट

रफूगाराने कोट उलटा केला, आणि कोटाबरोबर त्याचा डावा हातही उलटा झाला. हे काय नवीन, म्हणून त्याने हात झटकला तर कोटाची बाहीसुद्धा उडाली. मग त्याला कापडाच्या आतल्या बाजूला रक्त दिसलं, आणि हे रक्त कुणाचं असावं असा अगदी प्रामाणिक प्रश्न त्याला पडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. कोट एका दंतवैद्याचा होता, फिकट राखाडी, मऊ लोकरीचा, आणि छातीच्या खिशाखाली सिगारेटने पाडलेलं वाटाण्याएवढं भोक. बायकोला कळायच्या आत बुजवून द्या, असं दंतवैद्य खालच्या आवाजात म्हणाला होता. सगळ्या गावाला दातांवरच्या डागांवरून दम देणारा हा माणूस बायकोला टरकून चोरून ओढतो, या कल्पनेने रफूगाराला दोन दिवस हसू फुटत होतं. आता त्या भोकाशेजारी रक्ताचा डाग उमटला तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने हात खिडकीकडे केला. पहिल्या बोटाच्या टोकावर सात टोचे होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर, त्याच्या हातून नेहमी पडतात तितकेच सुबक, आणि शेवटच्या टोच्यातून राखाडी धागा कातडीत शिरून कोटात गेला होता. त्याने स्वतःचं बोट दंतवैद्याच्या कोटाला शिवून टाकलं होतं. त्याने धागा कापला आणि उपसून काढला. कातडी धाग्याबरोबर जरा वर आली आणि परत बसली. त्याला काहीसुद्धा कळलं नाही.

कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या खोक्यावर हिरवा दिवा जळत होता. साबणाच्या वडीएवढं खोकं, त्यातून निघालेली तार बाहीतून वर जाऊन कोपराच्या खाली कातडीत शिरत होती, आणि आत, दोन टाक्यांच्या आड, नसेभोवती एक चिमुकली पट्टी गुंडाळलेली होती. तीन आठवडे वापरून बघा, असं नसांची डॉक्टरीण म्हणाली होती. बाई वयाने त्याच्या मुलीहून फार मोठी नसेल, पण समजावून सांगायची हातोटी चांगली होती. "नस कापायची नाही, मारायची नाही. सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह तिच्यात सोडायचा. तो चालू आहे तोवर खालचा निरोप वर जात नाही. अर्ध्या तासाने बंद झाला की पुन्हा जातो. पण दुखण्याचा निरोप अडवायचा आणि स्पर्शाचा सोडायचा, इतकी निवड आम्हाला अजून नीट जमत नाही. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होतील. थोडाफार स्पर्श उरला तर नशीब समजा." मग जरा थांबून तिने सांगितलं होतं की बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद वाईट जातील. "गप्प व्हायच्या आधी नस एकदा ओरडून घेते." उद्या सकाळी अकराला ते तीन आठवडे संपत होते. एक तर खोकं कायमचं खांद्याखाली बसवायचं, नाही तर पट्टी काढून टाकायची. आणि त्याच्याही आधी, आज संध्याकाळी पाचच्या आत, मुलीला नकाशे काढणाऱ्या कचेरीत फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. कचेरी दिवसभराच्या प्रवासावर होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. "तुमचा हात खरंच चालला तर जाईन. नाही तर नाही," असं ती म्हणाली होती आणि तो विषय तिने तिथेच मिटवला होता. आत्ता ती बाजारात प्रवासाची बॅग आणायला गेली होती, म्हणजे अर्धी तिच्या मनाने गेलीच होती. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

डाग काढायला पाहिजे होता. रफूवाल्यांना त्याचा एकच उपाय ठाऊक असतो आणि तो बापाकडून मुलाकडे येतो: पांढरा दोरा तोंडात घालून चांगला चघळायचा आणि त्या ओल्या गोळ्याने डाग टिपायचा. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते, दुसऱ्याची चालत नाही. त्याने वीतभर दोरा तोडून तोंडात कोंबला आणि चघळत खिडकीशी उभा राहिला. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना टेबलाखाली बसून चिंध्यांना सुया टोचायची आणि बोट टोचलं की आ करून त्याच्यापुढे यायची, दोरा तोंडात घाला म्हणून. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून तो तिला टाचणी म्हणायचा. तिची आई तेव्हाच गेली होती, आणि त्या एवढ्याशा मुलीला गाल फुगवून दोरा चघळताना बघून त्याला हसावं की रडावं कळायचं नाही. रफूगाराचं बोट मात्र टोचत नाही. म्हणजे टोचूच नये. सगळी विद्या त्या खालच्या बोटात असते. वरून सुई जाते ती डोळ्यांना दिसते, पण ती खाली कुठे निघते हे फक्त कापडाखालचं बोट सांगतं. टोक कातडीला लागतं न लागतं तोच बोट सुईला परत वर पाठवतं, एक धागा उचलायचा की दोन ते तेच ठरवतं. त्याचे वडील म्हणत, उजवा हात नोकर आहे, मालक खाली बसलाय. आणि आज हा मालक सात वेळा टोचून घेऊन ठार बहिरा बसला होता. रफूगाराने गोळा डागावर दाबला, उचलला, पुन्हा दाबला. लाल रंग फिकट होत गेला, पण रुपयाएवढी ओल राहिली. ती वाळायला वेळ लागणार होता, आणि वेळच तेवढा त्याच्याकडे नव्हता.

दिवा विझला. आता चार-पाच मिनिटांत हात परत येणार हे त्याला माहीत होतं. आधी बोटांच्या मुळाशी मुंग्या आल्या, मग ती जळजळ सुरू झाली जिच्याबरोबर त्याने चार वर्षं काढली होती, तव्याला चिकटलेली बोटं कुणी सोडवू देत नसावं तशी. त्या दुखण्यात कापड दहा मिनिटंसुद्धा हातात टिकत नसे. आणि दुखणं गेलं की कापडही जायचं. या दोन टोकांच्या मधली कुठली तरी फट सापडेल म्हणून त्याने खोक्यातला प्रवाह तीन आठवडे कमी-जास्त करून पाहिला होता. फट नव्हती. चार वर्षांपूर्वी मुलगी सोळाची होती. शाळेची आठ दिवसांची सहल होती, कुठल्याशा नदीचा उगम बघायला. कामाचा ढीग पडलाय, घर कोण बघणार, असं काहीतरी तो म्हणाला. कारण खरं तर काही नव्हतं, त्याला नुसतं नाही म्हणायचं होतं. ती तोंडाला येईल ते बोलली, त्याच्या सुया-दोऱ्याचा उद्धार केला, आणि निघाली. तो तिच्यामागे गेला. त्याने चौकटीवर हात ठेवला आणि त्याच क्षणी तिने दार आपटलं. मनगटावर. पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवायचं: दाराचा हिरवा रंग फार जवळून, शेजारच्या छापखान्यातले लोक, मुलीचा पांढराफटक चेहरा. मागे कशाला गेला होता हे त्याला कुणी विचारलं नाही. मुलीनेही नाही. तो जा म्हणायला गेला होता. तोंडात शब्द तयार होता, बरं बाई, जा, एवढा. तो त्या दारात अडकला तो अडकलाच.

दवाखान्यातून आल्यावर सहाव्या दिवशी तो एक मफलर घेऊन धडपडत होता. मुलगी समोर खुर्ची ओढून बसली, तिने आपला डावा हात कापडाखाली घातला आणि सुई टोचली तशी म्हणाली, "हं." तेव्हापासून चार वर्षं हेच चाललं होतं. वर त्याची सुई, खाली तिचं बोट. सुईचं टोक लागलं की हं. दिवसाला शे-दोनशे हं. पुढे पुढे तर तिने हं म्हणायचं सोडलं, बोट नुसतं किंचित वर उचलायची आणि त्याला कापडातून कळायचं. मोकळ्या उजव्या हाताने ती नकाशांची पुस्तकं उलटायची, घरबसल्या परीक्षा द्यायची, पास व्हायची. गिऱ्हाइकं म्हणायची, काय लेक आहे, नशीब काढलंत. आणि त्याला जे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं ते हे, की ही चार वर्षं त्याला आवडली होती. हात विस्तवात, मुलगी घरात अडकलेली, आणि याला दुपारी दोन वाजता खिडकीतून आलेल्या उन्हात दोघं एका कोटावर वाकली की इतकं बरं वाटायचं की स्वतःची शरम यायची. तिने या चार वर्षांत एकदाही आवाज चढवला नव्हता. दार लावताना मूठ दोन्ही हातांनी धरून हळूहळू आणायची, कडी बसल्याचासुद्धा आवाज होऊ द्यायची नाही, कारण कुठेही दार आदळलं की बापाच्या हातातून कळ जाते हे तिला ठाऊक होतं. टाचणीचं टोक गेलं होतं. ते आपल्या पायी गेलं हे त्याला दिसत होतं, आणि तरी रोज तो सुईत दोरा ओवून तिची वाट बघत बसायचा.

म्हणून त्याने थापा मारायचं ठरवलं. दवाखान्याच्या वहीत रोज लिहायचं असे: दुखणं किती, स्पर्श कळतो की नाही. दुखण्याच्या रकान्यात तो शून्य लिहायचा, ते खरं होतं. स्पर्शाच्या रकान्यात 'कळतो' लिहायचा. मुलीशीही तेच. दर आठवड्याला डॉक्टरीण त्याला डोळे मिटायला लावून कापसाने बोटं चाळवायची आणि विचारायची, आता? आणि तो बरोबर सांगायचा. बाईंच्या कोटाला कडक खळ होती. हात पुढे आला की बाही कुरकुरायची, मागे गेला की वेगळी कुरकुरायची, आणि कापडात सारा जन्म काढलेल्या माणसाला एवढं ऐकू आलं नाही तर मग काय उपयोग. "विलक्षण आहे," असं बाई म्हणाली होती आणि तिने मुलीकडे बघून मान हलवली होती. मुलीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते बघून त्याला खोटेपणाबद्दल अजिबात वाईट वाटलं नव्हतं. आत कुठेतरी एक चोर मात्र बसला होता. तो म्हणायचा, पकडला गेलास तर ती जाणार नाही. पकडला जा. आजचा कोट त्याने बधिर हाताने, नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर शिवायला घेतला तो तिला पुरावा दाखवावा म्हणून, असं तो स्वतःला सांगत होता. पण बोटात सात वेळा सुई घालणारा हात कुणाच्या बाजूचा होता, हे तो शपथेवर सांगू शकला नसता.

जिन्यावर तिची पावलं वाजली. त्याने चघळलेला दोरा खिशात टाकला, कोट सुलटा केला आणि त्यावर हात ठेवून बसला. मुलगी आली. नवी निळी बॅग तिने भिंतीशी ठेवली, चपला काढल्या, दार दोन्ही हातांनी धरून बिनआवाज लावलं.

"झाला कोट?"

"होतोय. बॅग बरी दिसतेय की. केवढी आहे! मलाही घेऊन चाललीस की काय?"

ती हसली आणि सवयीने कोट उचलून तिने उलटा केला. चार वर्षं तिने कापड उलट्या बाजूनेच पाहिलं होतं. त्या ओल्या जागेवर तिने बोट ठेवलं, मग बोट नाकाशी नेलं.

"हे काय?"

"चहा सांडला."

"चहा आतून सांडला?"

"टोचलं जरासं. उजव्याला."

"उजव्याला तुमची अंगुस्तानाची टोपी आहे." तिने त्याचा डावा हात धरून उलटा केला. सात टोचे ती बघत राहिली. मोजत असावी. हाताला आता स्पर्श होता आणि म्हणून आगही होती. तिच्या पकडीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने हात ओढून घेतला नाही.

"खोकं बंद होतं तेव्हा," तो म्हणाला. "बंद असताना शिवायला गेलो, कळ आली, हात हलला. माझीच चूक."

"हात हलला तर टोचे वेडेवाकडे पडतात, बाबा. हे तर ओळीत आहेत."

घड्याळात सव्वाचार झाले होते. तिने ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, आणि ज्या आवाजात ती गिऱ्हाइकांना तारीख सांगायची त्या सपाट आवाजात म्हणाली, "दाबा बटण. माझ्यासमोर."

बटण त्याने तिच्यासमोर कधीच दाबलं नव्हतं. त्यासाठी तो न्हाणीघरात जायचा आणि नळ सोडायचा. तो म्हणाला, आत्ताच झालंय, इतक्या लवकर पुन्हा नको. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात कितीही वेळा दाबा. तो म्हणाला, चहा तरी घेऊ. ती त्याचा डावा हात धरून बसून राहिली. मग त्याने बटण दाबलं. हात पेटला. बोटांपासून कोपरापर्यंत कुणीतरी नस धरून उपसतंय असं झालं, दात दातांवर बसले, डोळे मिटले, आणि तिच्यासमोर ओरडायचं नाही एवढं एकच त्याला भान राहिलं. एक, दोन, तीन. त्याच्या बोटांनी तिची बोटं चिरडली असावीत. सात, आठ. अकरापर्यंत आकडे त्याने मोजले, आणि मग, नेहमीसारखं, सगळं गेलं. हात होता तिथे हवा आली.

"दर वेळी असं होतं?" तिने विचारलं.

"छे. आज जरा."

"डोळे उघडू नका. दवाखान्यात मिटता तसे मिटूनच ठेवा. मी तुमचं पहिलं बोट धरलंय. कळतंय?"

"कळतंय की. घट्ट धरलंयस."

"बरं. आता मी काहीतरी करणार आहे. मी विचारणार नाही. तुम्हीच सांगायचं."

तो कान देऊन बसला. बाहेर छापखान्याचं यंत्र ठकठकत होतं. खोलीत कापड कुठे हलतंय का ते तो शोधत होता, आणि कापडच नव्हतं, बाह्या तिने दुमडल्या होत्या, पाय अनवाणी होते. पोरीने सगळं ओळखलं होतं. धरलंय म्हणावं की सोडलंय? आपण काय म्हणालो तर ती जाईल? स्पर्श कळतो म्हटलं तर. मग काहीतरी कळलं पाहिजे. मुलगी बापाचं दुखरं बोट धरून आहे, ती ते कशाला सोडेल, असा त्याने हिशेब केला, आणि त्या हिशेबात त्याला जे हवं होतं तेच उत्तर आलं.

"अजून धरून बसलीयस," तो म्हणाला. "जरा सैल कर, मोडशील."

मग तिचा आवाज आला, पण लांबून. "बाबा, मी दारात उभी आहे."

त्याने डोळे उघडले. त्याचा डावा हात टेबलावर एकटाच पडला होता, तळवा वर करून, काही मागायला ठेवल्यासारखा. ती दाराला पाठ लावून उभी होती.

"तीन आठवडे!" ती म्हणाली. "त्या बाईलाही फसवलंत. मी बॅग आणली, बाबा. मी गेले असते आणि तुम्ही इथे बसून बोटं शिवत बसला असता. खोटारडे आहात तुम्ही!" तिचा आवाज चढला होता. हा आवाज त्याने चार वर्षं ऐकला नव्हता. "नाही जात मी. ठेवा ती बॅग."

आणि त्याच्या आतला तो चोर हसला. ते हसू त्याला छातीत स्पष्ट कळलं, आणि त्याची त्याला इतकी भीती वाटली की तो उठून उभा राहिला.

"शर्टांची बटणं लावीन मी," तो म्हणाला. "बटणांना खालचं बोट लागत नाही. ते सोड. तू त्या दिवशी दार लावलंस ना, तेव्हा मी मागे कशाला आलो होतो, ठाऊक आहे?"

"मारायला," ती म्हणाली. हे तिने इतक्या सहज म्हटलं की चार वर्षं ती रोज तसंच समजत आली असणार.

"मारायला? अगं, तुला कधी बोट लावलंय मी? जा म्हणायला आलो होतो. सहलीला जा, म्हणून."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मग म्हणायचं ना! त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी म्हणायचं! महिन्याने म्हणायचं!"

"तू समोर येऊन बसलीस. कापडाखाली हात घातलास. मग नाही म्हणवलं. मला बरं वाटत होतं, टाचणी. तू बसायचीस ते मला बरं वाटत होतं."

"आणि मी काय समजून बसत होते ते?"

त्याने मान खाली घातली नाही. निदान एवढं तरी करायचं असं त्याने ठरवलं होतं. "म्हणून सांगतो. पाचच्या आत सांगायचंय ना तुला. जा."

तिने टेबलावरचा फोन उचलला आणि वळली. दाराची मूठ तिने एकाच हाताने ओढली आणि मागे दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं, सुयांची डबी टेबलावरून खाली सांडली, आणि दार चौकटीला आदळून परत वीतभर उघडलं. रफूगार दचकला. डावा हात मात्र तसाच लोंबत होता, त्याने काहीच ऐकलं नव्हतं. जिन्यावरून पावलं दाणदाण खाली गेली आणि मधल्या वळणावर थांबली. त्या फटीतून तिचा आवाज वर आला, रागाने भरलेला, मधेच नाक ओढणारा. ती कुणाला तरी सांगत होती की हो, सोमवारी, सोमवारी सकाळी रुजू होते.

तो खाली बसला आणि त्याने उजव्या हाताने दवाखान्याची वही ओढली. स्पर्शाच्या रकान्यात एकाखाली एक 'कळतो' लिहिलेलं होतं, एकवीस दिवसांचं. पेन्सिल घेऊन त्याने पहिल्यावर काट मारली आणि पुढे 'नाही' लिहिलं. मग दुसऱ्यावर. सोळाव्याला आला तेव्हा खोक्यावरचा दिवा विझला. त्याने दाराकडे पाहिलं. ते तसंच उघडं होतं, आणि तो ते लावायला उठला नाही. एकविसाव्याला बोटांत आग सुरू झाली, आणि आगीच्या आत कुठेतरी एकेक करून सात टोचे दुखायला लागले.